बावन्न तास

गेमचं परीक्षण लिहिणं हे काम आहे, हे त्याच्या सासऱ्यांना कधीच पटलं नाही. जावई काय करतो असं कोणी विचारलं की ते म्हणत, "खेळतो." पुढे कोणी काही विचारत नसे.

पण ते काम होतं. तो सकाळी साडेनऊला एका वेबसाइटच्या ऑफिसात टेबलाशी बसे. डावीकडे वही, उजवीकडे पाण्याची बाटली, समोर पडदा, हातात कंट्रोलर. एकदा बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नसे. खेळताना तो मुद्दाम वाट सोडून चाले. गेम म्हणे डावीकडे वळ, हा उजवीकडच्या भिंतीला धडकून बघे. गेम म्हणे दिवा बरोबर घे, हा दिवा तिथेच ठेवून पुढे जाई. काय झालं ते वहीत लिहून ठेवी.

"लोक घरी असंच खेळतात," तो म्हणे. "वेडंवाकडं. कंपनीला वाटतं सगळे शहाणे."

गेम संपल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही, हा त्याचा नियम. सोळा वर्षं पाळला. इतरांचं परीक्षण छापून शिळं झालं तरी हा अजून खेळतच असे. म्हणून ऑफिसात त्याचं नाव कासव पडलं. तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

परीक्षणाच्या शेवटी तो एक ओळ घाली: खेळलेले तास, अमुक इतके. गेममध्ये आपण जिथे थांबतो ती जागा सेव्ह होते आणि त्या पडद्यावर आतापर्यंतचे तास दिसतात. तो आकडा बघून तो जसाच्या तसा उतरवी. दुसरं कोणी ही ओळ लिहीत नसे. वाचक आधी तास बघत, मग दहापैकी मार्क.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मित्र बसे. कासवाच्याच टेबलाशी बसणारा आणि सगळं झटपट उरकणारा, म्हणून तो ससा. सहा तासांत गेमची नाडी कळते असं त्याचं म्हणणं.

"शितावरून भाताची परीक्षा होते रे."

"आणि भात मधे करपला असेल तर?"

"तर मधला खाऊ नये."

दोन वर्षांपूर्वी ससा एका गेम कंपनीत गेला. पत्रकारांना नवे गेम पाठवायचे, त्यांचे प्रश्न सोडवायचे, हे त्याचं काम. त्याच्यामागून एक जण जाहिरातीत गेला. एक बाई कॉलेजात शिकवायला लागली. एकाने कुठे जातो हेही सांगितलं नाही. सातांचे तीन उरले. काम मात्र सातांचंच होतं. कासवाच्या उजव्या मनगटाला पट्टा आला. महिन्याला तीन गेम खेळणारा माणूस सहा खेळू लागला आणि तरीही सगळे शेवटपर्यंत खेळत होता. ते कसं जमत होतं हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ती त्याचं जेवण टेबलावर झाकून ठेवी आणि कामावर जाई.

मग सशाच्या कंपनीचा मोठा गेम आला.

डोंगरातून तांडा घेऊन जाणाऱ्या वाटाड्याची गोष्ट. बारा भाग. बाजारात यायच्या आधी दहा दिवस तो पत्रकारांच्या हातात पडला. अट नेहमीचीच: गुरुवारी दुपारी तीनच्या आधी एक अक्षर छापायचं नाही. तीनला सगळे एकदम छापणार. तीनची वेळ चुकली की वाचक दुसरीकडे गेला म्हणून समजा.

त्या दहा दिवसांत कासवाकडे आणखी दोन गेम होते. सोमवारी दुपारी तो चौथा भाग संपवून बसला होता. तेरा तास झाले होते. अजून आठ भाग बाकी, हातात तीन दिवस, मनगट सुजलेलं.

सशाचा फोन आला. "कुठवर आलास?"

"चार."

"चार? अरे, बाकीच्यांनी लिहायला घेतलं. एक काम कर. मी एक फाईल पाठवतो. आमच्या माणसाने नवव्या भागापर्यंत खेळून सेव्ह केलेली आहे. ती टाक, थेट नववा सुरू होईल."

"मधले चार भाग?"

"डोंगर आहेत. चढायचं, उतरायचं. तू चार चढलास ना? तसेच."

सोळा वर्षांत असली फाईल त्याला अनेकांनी देऊ केली होती. त्याने एकदाही घेतली नव्हती. त्या सोमवारी घेतली. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी लाच दिली नाही. तो दमला होता, एवढंच.

नवव्या भागापासून शेवटपर्यंत चौदा तास लागले. शेवट सुंदर होता. खरोखरच सुंदर. गुरुवारी दुपारी अडीचला त्याने शेवटचा परिच्छेद लिहिला, दहापैकी नऊ मार्क दिले आणि सवयीने सेव्हच्या पडद्यावरचा आकडा बघून ओळ लिहिली: खेळलेले तास, बावन्न.

पडद्यावर बावन्नच होते. त्यातले अडतीस कंपनीच्या माणसाचे होते. फाईलबरोबर त्याचे तासही आले होते. कासवाचे स्वतःचे तेरा आणि चौदा, सत्तावीस.

हे त्याच्या लक्षात आलं शनिवारी, आंघोळ करताना. साबण हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग त्याने अंग पुसलं, कपडे घातले, फोन उचलला आणि खाली ठेवला. परीक्षण गाजत होतं. बावन्न तास खेळून नऊ दिलेत म्हणजे गेम घ्यायलाच हवा, असं लोक लिहीत होते. सोमवारी दुरुस्त करू, असं त्याने ठरवलं. सोमवारी नवा गेम आला.

गुरुवारी झाली ती चूक होती. शनिवारनंतर तिला चूक म्हणता येत नव्हतं.

सहाव्या भागात एक झुलता पूल होता. खेचर अलीकडे सोडून माणूस एकटा पलीकडे गेला की मागे पूल तुटे. समोरचं दार खेचर असल्याशिवाय उघडत नसे. आणि गेम नेमका तिथेच आपोआप सेव्ह होई, आधीचं पुसून. ना पुढे, ना मागे. पहिल्यापासून खेळा. दुसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. दुरुस्ती येते आहे, असं कंपनी सांगत राहिली. ती काही येईना.

कासवाने त्या तक्रारी एकेक करून वाचल्या. खेचर अलीकडे सोडून बघणं, हेच तर तो सोळा वर्षं करत आला होता. सहावा भाग त्याने खेळला असता तर तो तिथे अडकलाच असता.

गेम येऊन तीन आठवडे झाले तेव्हा सशाने त्याला चहाला बोलावलं.

"आमच्याकडे तपासनिसांचा प्रमुख हवाय. गेम बाहेर जाण्याआधी त्यातल्या खोडी काढायच्या. मी तुझं नाव सुचवलं. वरचे लगेच हो म्हणाले. म्हणाले, तो शेवटपर्यंत खेळणारा ना? तोच हवा."

"सहाव्या भागाचं काय?"

"त्यासाठीच हवास की. तू आत असतास तर ते दार बाहेर गेलं असतं का?"

ठरलेल्या वेळी जायचं, ठरलेल्या वेळी यायचं. हाताखाली नऊ माणसं. कासवाने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. दोन पाळ्या करून नुकतीच आली होती, पायातले बूटही निघाले नव्हते.

"घे," ती म्हणाली. "विचार कसला करतोस? मनगट बघ तुझं."

पाचव्या आठवड्यात बातमी फुटली. कोणी फोडली ते कळलं नाही. दुसऱ्या एका साइटवर मथळा आला: आधी नऊ मार्क, मग नोकरी. खाली दीड हजार माणसं बोलत होती. कुंपणानेच शेत खाल्लं. वाटलंच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. एकाने लिहिलं, कासवाने पाठ विकली.

संपादकबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. त्या सात वर्षांपूर्वी आल्या होत्या. कासवाला मानत. खुलासा त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता.

"वाचा. तारखा दिल्या आहेत. परीक्षण आधी, नोकरीची विचारणा एकवीस दिवसांनी. हे खरं आहे ना?"

"खरं आहे, मॅडम."

"मग भ्यायचं काय? आणि हे पुढचं बघा. ज्याला विकायचं असतं तो बावन्न तास खेळत नाही. चार तासांत मार्क देऊन मोकळा होतो. हा तुमचा खरा पुरावा. सही करा, तीन वाजता लावते."

कासव कागदाकडे बघत राहिला. त्याच्यावरचा आळ खोटा होता. तो विकला गेला नव्हता. आणि ते सिद्ध करणारा आकडाच खोटा होता.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"उद्या? अहो, बाहेर आग लागली आहे."

"उद्या, मॅडम."

टेबलाशी येऊन त्याने टपाल उघडलं. शिव्या बऱ्याच होत्या, त्या त्याने सोडून दिल्या. एक पत्र शिवीशिवाय होतं. लिहिणारा बस चालवत होता. ड्युटी संपल्यावर रोज एक तास खेळतो, त्यापेक्षा जास्त घरात जमत नाही, असं लिहिलं होतं. तीस दिवस झाले, तीस तास. पुलापाशी अडकलो. खेचर दमलं होतं म्हणून अलीकडे ठेवलं, वाटलं परत येऊन नेऊ. तुम्ही नोकरीसाठी लिहिलंत की नाही ते मला माहीत नाही, माझा तसा आरोप नाही. एकच विचारायचं आहे. तुम्ही बावन्न तास खेळलात, मग ते दार तुम्हाला लागलं कसं नाही? तुम्ही कसे पार झालात ते सांगा, म्हणजे मी तसं करीन.

कासवाने ते पत्र तीनदा वाचलं. मग जिन्यात जाऊन सशाला फोन लावला.

"तासांचा आकडा चुकलाय," तो म्हणाला. "तुझ्या फाईलचे तास त्यात आलेत."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"छापलं त्या दिवसापासून. मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलंस."

कासव जिन्याच्या पायरीवर बसला.

"अरे, ती फाईल सगळ्यांनाच दिली होती," ससा म्हणाला. "सगळ्यांनी वापरली. त्यांच्यावर कोणी बोललं? नाही. कारण तास लिहायची दुर्बुद्धी त्यांना नाही. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची खोड तुझीच. आता गप्प बस. सही कर, पहिल्या तारखेला इकडे ये. पंधरा दिवसांत लोक विसरतील."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर लोक म्हणतील विकलाच गेला, वर कामचोरही. आणि आमचे वरचे म्हणतील, शेवटपर्यंत खेळणारा म्हणून घेत होतो, तो अर्धाच खेळतो. मित्रा, तुला इकडे आणताना मी माझं नाव लावलंय रे. ते तरी सांभाळ."

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच चहा पीत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. फाईल, शनिवार, ड्रायव्हरचं पत्र. तिने कप खाली ठेवला.

"महिनाभर माझ्याशीसुद्धा बोलला नाहीस?"

"नाही."

"सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, माझा मुलगा खोटं बोलत नाही. मला किती वेळा ऐकवलंय त्यांनी." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "हे बघ, मला ती नोकरी हवी होती. तुला मिळावी म्हणून मला हवी होती. मला विचारलंस तर मी सही कर म्हणेन. म्हणून मला विचारू नकोस."

"तुमच्याकडे आकडा चुकला तर काय करता?"

"विचारू नकोस म्हटलं ना." तिने कप विसळला, पालथा घातला. मग पाठमोरीच म्हणाली, "जुना आकडा पुसायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा दिसला पाहिजे. बाजूला खरा लिहायचा, तारीख घालायची, सही करायची. जुना कोणी पुसला तर त्याला नोकरीवरून काढतात."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्याने संपादकबाईंपुढे स्वतःचा कागद ठेवला. परीक्षणात बावन्नवर रेघ, बाजूला सत्तावीस, तारीख, नाव. खाली सहा ओळी. मधले चार भाग मी खेळलेलो नाही. कंपनीने दिलेली फाईल वापरली. ती वापरायची सक्ती कोणी केली नव्हती, मीच वापरली. आकडा चुकल्याचं तिसऱ्या दिवशी समजलं, तरी मी गप्प राहिलो. नोकरीची विचारणा नंतर झाली, हे खरं आहे. पण त्याने वरचं काही बदलत नाही.

बाईंनी दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आकडा गुपचूप बदलू. सत्तावीस करू. कोण बघतंय?"

"बघतात, मॅडम. तेवढंच बघतात."

"तुम्हाला कळतंय का, मी काल चार ठिकाणी सांगून बसले आहे की माझा माणूस बावन्न तास खेळला? तुमचे दात आणि तुमचेच ओठ असते तर ठीक. यात ओठ माझे आहेत."

"माझ्यामुळे झालं."

"ते मला सांगू नका." त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. मग त्यांनी कागद उचलला आणि दुपारी तसाच लावला. एक शब्द बदलला नाही. तेवढं त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

कासवाला वाटलं होतं, लोक चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. लाच लपवायला आळशीपणाची गोष्ट रचली, असं लोक म्हणू लागले. कोणी लिहिलं, सोळा वर्षांतले सगळे तास असेच असणार. वह्या होत्या, सोळा वर्षांच्या, पण वही कोण बघतो?

ड्रायव्हरला त्याने वेगळं लिहिलं: मी पार झालो नाही, मी त्या वाटेने गेलोच नाही. माफ करा. उत्तर आलं नाही.

ससाही चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला तो ऑफिसातल्यासारखा.

"ते पद सध्या भरायचं नाही असं ठरलंय."

"बरं."

"बरं काय? अरे, मला वर बोलावून झाडलं. फाईल देतो हे जगजाहीर केलंस. आता सगळेच विचारतात, तुम्ही अजून कोणाला काय काय देता?" मग जरा थांबून, "मनगट कसं आहे?"

"आहे तसंच."

"काळजी घे." फोन बंद झाला.

कासवाने तो गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ऑफिसच्या वेळेत नाही. सकाळी सहा ते नऊ आणि सुट्टीचा दिवस पूर्ण. सहाव्या भागात त्याने खेचर अलीकडे सोडलं आणि अडकला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला खेचर बरोबर घेतलं आणि पार झाला. सातवा भाग कंटाळवाणा होता. आठवा फार चांगला होता, आधी खेळला असता तर त्यावर एक परिच्छेद लिहिला असता. दुसरी खेप अठ्ठावन्न तासांची झाली. अडकलेले अठ्ठावीस त्याने वेगळे लिहिले.

मग मार्कांपाशी आला आणि थांबला.

सहा लिहिले. ते बघितल्यावर त्याला वाटलं, नोकरी गेली म्हणून तर हे सहा नाहीत? आठ केले. मग वाटलं, सशाशी पुन्हा जुळावं म्हणून तर हे आठ नाहीत? आधी त्याला आकडा आतून समजायचा. वही मिटताना तो तयारच असायचा. आता आत कोणीच बोलत नव्हतं. रविवारची सगळी दुपार तो त्या एका चौकोनासमोर बसून होता. बायकोने दोनदा डोकावून बघितलं आणि परत गेली.

सोमवारी त्याने बाईंना लेख दिला. चौकोन रिकामा.

"मार्क?"

"ठरवता येत नाहीत."

"अहो, सोळा वर्षं ठरवलेत."

"तेव्हा मला कोणाकडून काही नको होतं."

"रिकामा चौकोन साइट घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आकडा टाकल्याशिवाय लेख पुढे सरकतच नाही."

"मग तुम्ही टाका."

बाई वैतागल्या. नऊ नको, सहा नको, असं पुटपुटत त्यांनी सात टाकला. त्यांनी तो गेम एक तासही खेळला नव्हता. कासव सातवर भांडला नाही. भांडायला आपला आकडा लागतो.

"माझं नाव तेवढं काढा," तो म्हणाला.

"नाव काढलं तर वाचणार कोण?"

"नाव होतं तेव्हा वाचलंच की."

मग त्यांनी नाव खोडलं आणि तिथे 'आमचा प्रतिनिधी' असं लिहिलं. लेख लागला. गेम तोवर जुना झाला होता. दिवसभरात दोनशे अकरा जणांनी वाचला.

त्याच आठवड्यात नवा गेम आला. त्याचं पाकीट नेहमीप्रमाणे कासवाच्या टेबलावर ठेवलं गेलं. त्याने ते न फोडता उचललं, काचेच्या खोलीत नेऊन दिलं आणि बातम्यांचं काम मागून घेतलं. बातम्यांना मार्क द्यावे लागत नाहीत. बाईंनी कारण विचारलं नाही. परीक्षणाला आता दोनच माणसं उरली, आणि पाकिटातला गेम सत्तर तासांचा होता. तो कोणाला द्यावा, याच विचारात त्या पडल्या.